घर गाडीत आणि सासर कसबा बावड्यात

शनिवार

गाडीत राहणाऱ्या माणसाला सगळ्यात अवघड गाव कुठलं असेल तर ते स्वतःचं. बाहेर कुठंही गेलं, अगदी भाषा येत नसली तरी, पंपावर नाहीतर देवळाजवळ विचारून गाडी लावली की विषय संपतो. कोल्हापुरात शिरलो की मात्र पहिला प्रश्न, "घर असताना गाडीत का झोपतासा?" आणि हे विचारणारी माणसं एक दोन नाहीत, अख्खी भावकी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडला, निम्मं सामान विकलं, निम्मं सासूबाईंच्या माळ्यावर टाकलं आणि तेव्हापासून मी, नवरा आणि आमची ईको असा संसार सुरू आहे. मी छोट्या दुकानदारांची जीएसटी रिटर्न भरते, नवरा कॅडची ड्रॉइंग करून देतो, म्हणजे दोघांनाही लॅपटॉप, चार्जिंग आणि नेटवर्क एवढंच लागतं. रील्समध्ये दाखवतात तसं सूर्योदयाकडं पाय करून कॉफी वगैरे क्वचित असतं, दिवसातला बराच वेळ पाणी कुठं भरायचं, रात्री कुठं थांबायचं आणि कुणाला विचारायचं यातच जातो.

आल्या आल्या घरी न जाता आधी उद्यमनगर, म्हणजे कोल्हापुरातला वर्कशॉपांचा भाग, गाठलं कारण किचनच्या ड्रॉवरचं चॅनेल ढिलं झालेलं. उद्यमनगरची एक गंमत आहे, तिथं माणसं गाडीकडं बघून बोलतात, तुमच्याकडं नाही. वर्कशॉपवाल्या मामांनी मागच्या दारातनं डोकं आत घातलं, पलंगाची प्लायवूड ठोकून बघितली, वाकून टायरकडं बघितलं आणि म्हणाले, "उजवीकडं बसलीया की गाडी. पाण्याची कॅनं आन बॅटरी दोनी एकाच अंगाला ठेवलीसा व्हय?" चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, त्यात बॅटरी, त्यात सिलेंडर, सगळं एका बाजूला. त्यांनी बॅटरी डाव्या सीटखाली हलवली, एल अँगलचा छोटा पिंजरा वेल्ड करून त्यात बसवली, चॅनेल बदललं, आणि पैसे विचारल्यावर "द्या की काय द्यायचं ते" म्हणाले, जे कोल्हापुरात ऐकलं की जास्तच द्यावे लागतात.

रात्री कसबा बावड्यात. सासूबाईंचं म्हणणं एकच, "लोकं म्हणतील सुनंला घरात घेत न्हाईत." शेवटी तोडगा असा निघाला की जेवण, आंघोळ घरात आणि झोप गेटसमोर गाडीत. सासरे यात पडले नाहीत. त्यांचा एकच इंटरेस्ट, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा आणि तिथली पाण्याची पातळी. जानेवारीत सुद्धा सांगत बसतात की ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, आणि २०१९ ला कसं पाणी आलं, हायवे कसा बंद पडला. मग हळूच म्हणाले, "पाणी आलं तर तुमचं बरं आहे, चावी फिरवली की झालं."

रविवार

सकाळी गंगावेशला कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, दुपारी तांबडा-पांढरा, आणि मधल्या वेळात गाडी बघायला आलेली माणसं. आत्यांनी आत चढून पलंगावर बसून बघितलं, पंखा लावून बघितला आणि मग सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला, "बाथरूमचं काय करतीस गं?" खरं उत्तर असं की सकाळचं पंपावर नाहीतर एसटी स्टँडवर, रात्रीसाठी गाडीत झाकणाची बादली आणि त्यात लाकडाचा भुसा, तोही उद्यमनगरजवळच्या सुताराकडनं पोतंभर आणलेला. आत्यांनी "शी" म्हणलं आणि पुढच्या मिनिटाला भुशाचं प्रमाण विचारलं, त्यांना शेतातल्या घरासाठी आयडिया आवडली होती.

बाकी दिवस जेवण पचवण्यात.

सोमवार

प्रयाग चिखली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्या मिळून इथून पुढं पंचगंगा होते, आणि आजूबाजूला जिथं बघाल तिथं ऊस. नवऱ्याच्या मित्राच्या ओळखीचं गुऱ्हाळ आहे, तिथं रानातच गाडी लावली. सोलरला दिवसभर ऊन, नेटवर्क फुल, त्यामुळं मी दुपारपर्यंत रिटर्नचा ढीग उपसला. उद्या २० तारीख, ३बी म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न भरायची शेवटची तारीख, आणि पुढं घाटात नेटवर्कचा भरवसा नाही.

चारनंतर लॅपटॉप बंद करून गुऱ्हाळावर जाऊन बसले ते रात्र होईपर्यंत. लहानपणी बघितलेलं पण तेव्हा लक्ष काकवीकडं असायचं. आता नीट बघितलं. चरकातनं रस टाकीत, टाकीतनं काहिलीत, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं टाकणारा माणूस अखंड टाकतोच आहे, त्याला मान वर करायला सुद्धा सवड नाही. रस तापायला लागला की चेचलेल्या भेंडीचं पाणी टाकतात, मग काळपट मळी फेस होऊन वर येते आणि लांब दांड्याच्या झाऱ्यानं ती काढत राहायचं. यात मेन माणूस गुळव्या. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही, फेसाचा आकार आणि आवाज बघतो. उकळी आधी खळखळ असते, मग जड होत जाते, शेवटी बुडबुडे फुटताना फट्फट असा दाटलेला आवाज येतो. तेव्हा त्यानं थेंबभर पाक गार पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळली, ती पातेल्यावर मारली, टण्ण वाजली. "घ्या." एवढंच बोलला आणि चार माणसं धावली, काहिल साखळीनं उचलून वाफ्यात ओतली, आणि सगळीकडं असा वास सुटला की मी सांगू शकत नाही, तिथंच जावं लागेल. एक आदण निघायला अडीच-तीन तास, की लगेच पुढचं सुरू, रात्रपाळी धरून.

मालकांना आमच्या गाडीचं फार काही वाटलं नाही. म्हणाले, "आमचं बी तेच की. पावसाळ्यात नदी फुगली की म्हसरं सोडायची, पोरंबाळं घ्यायची न् सोनतळी गाठायची. पाणी उतरलं की परत घर धुवायला यायचं." चिखलीकरांना पुरामुळं सोनतळीला जागा दिलेली आहे, पण शेती इकडं, गुऱ्हाळं इकडं, त्यामुळं गाव दोन्हीकडं राहतं. वहिनींनी गरम गुळाचा गोळा केळीच्या पानात दिला, त्यावर शेंगदाणे. रात्रीचं जेवण तेच.

मंगळवार

गगनबावडा. कोल्हापूरपासून पंचावन्न एक किलोमीटर, पण साळवणच्या पुढं हवाच बदलते. वाटेत पळसंब्याचं रामलिंग, ओढ्यातल्या मोठ्या दगडांत कोरलेली छोटी देवळं, पाणी थंडगार, तिथंच कपडे पिळून घेतले (साबण न लावता, ओढ्यात साबण लावणारे बघितले की माझं डोकं फिरतं).

मग भानगड. एका क्लायंटनं ऐनवेळी सांगितलं की एक मोठं बिल राहिलंय. गगनबावड्यात रेंज एका जागी दोन कांड्या, दोन पावलं सरकलं की गायब. स्टँडजवळ एका टपरीच्या बाकड्यावर ती जागा सापडली, तिथं बसून आकडे दुरुस्त केले, आणि भरायला ओटीपी लागतो तो जातो मालकाच्या मोबाईलवर, आणि मालक लग्नाच्या वरातीत. मागं बँडचा आवाज आणि तो ओरडून "सहा का नऊ? सहा! सहा!" उशीर झाला असता तर दिवसाला पन्नास रुपये लेट फी, रक्कम लहान आहे पण ती माझ्या नावानं लागते आणि पुढचं वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. झालं एकदाचं. टपरीवाल्या काकूंनी पोर्टलची रामकहाणी ऐकून चहाचे पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी गगनगडावर जाऊन आलो. करूळ आणि भुईबावडा दोन्ही घाट इथनंच कोकणात उतरतात, त्यामुळं वारा थेट खालून वर येतो आणि अंगावरचं स्वेटर आहे की नाही कळत नाही. रात्री एका हॉटेलवाल्या काकांच्या मागच्या आवारात गाडी लावली. काका फार प्रेमळ, नऊ वाजता पेटती शेगडी घेऊन दारात, "गाडीत ठेवा, ऊब येईल." हे मात्र आम्ही कधीच करत नाही आणि कुणी करू नका. बंद गाडीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतच कार्यक्रम आटोपतो. काकांना ते पटलं नाही, पण शेगडी बाहेर ठेवून तिघं तिच्याभोवती बसलो. झोपताना दोन्ही बाजूच्या काचा बोटभर खाली, जाळी लावून. थंडी वाजते, पण सगळं बंद केलं तर दोघांच्या श्वासाच्या वाफेनं सकाळी काचा आतनं टपटपतात आणि गादीला कुबट वास लागतो. लोकरीची टोपी घाला आणि काच उघडी ठेवा, एवढं साधं आहे.

बुधवार

राधानगरीला जायला बरंच मागं येऊन भोगावतीच्या खोऱ्यात शिरलो. धरण शाहू महाराजांनी सुरू केलेलं, तलावाला लक्ष्मी तलाव म्हणतात. नवरा मेकॅनिकलवाला, त्याला सात स्वयंचलित दरवाजे बघायचे होते. पाण्याची पातळी ठराविक उंचीवर गेली की ते आपोआप उघडतात आणि उतरली की आपोआप मिटतात. पावसाळ्यात "राधानगरीचा दरवाजा उघडला" ही बातमी आली की पंचगंगेच्या काठचा माणूस सामान वर उचलायला घेतो. जानेवारीत बघण्यासारखं काही नसतं, तरी हा तासभर रेलिंगला टेकून उभा, वरनं सासऱ्यांना व्हिडिओ कॉल. बाप-लेक दोघं गप्प बसून बंद दरवाजे बघतायत आणि रिचार्ज माझा.

दाजीपूरच्या जंगलात मुक्काम करायचा नाही हे आधीच ठरलेलं. १९५८ पासूनचं अभयारण्य आहे, गव्यांसाठी राखलेलं, आत जायचं तर वनखात्याच्या गेटवरनं, त्यांच्या वेळेत. "आत एक भारी स्पॉट आहे, कुणी बघत नाही" असं सांगणारे भेटतातच. गवा बघतो की. हजार किलोपर्यंतचं जनावर आहे ते, तंबूला त्याच्या दृष्टीनं काही अर्थ नाही.

म्हणून अलीकडच्या गावात थांबलो. आमची पद्धत ठरलेली आहे, कुठल्याही गावात अंधार पडायच्या आत पोचायचं आणि पोलीस पाटलांना शोधायचं. आधारकार्डाची झेरॉक्स द्यायची, गाडी नंबर सांगायचा, किती दिवस ते सांगायचं. अंधारात अनोळखी गाडी उभी दिसली की गाव घाबरतं, आणि घाबरलेलं गाव काठ्या घेऊन येतं, त्यात गावाची चूक काहीच नाही. इथले पाटील तरुण होते, त्यांनी शाळेच्या मैदानाची किल्ली दिली आणि गावच्या ग्रुपवर आमचा फोटो टाकला, "पाहुणे आहेत, त्रास देऊ नये." त्यामुळं साडेआठपर्यंत निम्मं गाव त्रास द्यायला येऊन गेलं.

गुरुवार

मुदाळतिट्ट्याकडं निघालो तर रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, दोन दोन ट्रॉल्या, मागं लाइट नाही, डेकवर गाणी. यांच्या मागं ओव्हरटेकची घाई करायची नसते.

बिद्रीच्या जवळ पाणी भरायला थांबलो. पाणी आम्ही शक्यतो सार्वजनिक नळावरनंच घेतो, आणि तिथं असतील त्यांचं झाल्यावर. नळाच्या पलीकडं ऊसतोड कामगारांच्या कोप्या, बांबू आणि ताडपत्रीच्या, बाहेर तीन दगडांची चूल, एका कोपीत झोळीत झोपलेलं बाळ. बीडकडची माणसं. दिवाळीच्या आसपास येतात, मार्च-एप्रिलला परत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाकडनं आधीच उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचं. एक बाई हंडा भरत होती, माझ्याच वयाची असावी. तिनं गाडीत वाकून बघितलं, पलंग, भांडी, लॅपटॉप.

"ह्यातच ऱ्हाता?"

"हो."

"दोघं?"

"दोघंच."

"मंग उचल किती दिली तुम्हाला?"

मी म्हणलं कुणी काही दिलेली नाही. तिला वाटलं मी आकडा लपवतेय. "मंग कशापायी?" नवरा मागनं म्हणाला, "हौस." तिनं ते वळून बाकीच्या बायकांना सांगितलं आणि सगळ्या अशा हसल्या की कोपीतलं बाळ उठलं. मग तिनंच माझं कॅन नळाखाली धरलं, तिचं उरलेलं पाणी न भरता, आणि पहाटे तीनला उठायचं असतं म्हणून कामाला लागली. आम्ही दोघं पुढं बराच वेळ काही बोललो नाही, मग डिझेलचे ट्रॅक्टर आणि धूळ यावर बोललो.

संध्याकाळी कागलच्या अलीकडं एका तुटलेल्या उसाच्या रानात मेंढरं दिसली. शेतकरी बांधावरच होते. त्यांनी धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, रानात बसवला होता, लेंडी आणि मुताचं खत आयतं मिळतं म्हणून, त्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे. आम्ही विचारलं गाडी लावू का, तर म्हणाले, "लावा की, एवढी बसल्यात त्यात तुमी दोघं."

वाडा बघण्यासारखा असतो. मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळं, खुंट्या मारून गोल लावलेलं, बाहेर कुत्री, एका बाजूला घोडी बांधलेली, आणि संसार म्हणाल तर एका खोपटीच्या कापडाखाली मावेल एवढा. धनगर आजोबा आमच्या गाडीत आले ते सरळ बॅटरीपाशी. त्यांच्याकडं पण छोटं सोलर होतं, चालताना घोडीच्या पाठीवरच्या ओझ्यावर बांधतात, संध्याकाळपर्यंत मोबाईल आणि एक बल्ब चार्ज. आमची बॅटरी शंभर अँपियर-अवरची, म्हणजे लॅपटॉप, पंखा, लाइट सगळं धरून दीड-दोन दिवस चालते, हे सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, "वजन किती?" बारा किलोच्या आसपास म्हणल्यावर मान हलवली. "घोडीला जड व्हतंय." मग कुठं कुठं फिरता यावर बोलणं. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या जत्रेचा भंडारा घेतला की ते बाहेर पडतात, वाटा ठरलेल्या, शेतकरीही पिढ्यानपिढ्याचे ठरलेले. "ह्याच्या आज्ज्याच्या रानात माझा आज्जा बसायचा." आमच्या मॅपवर असं एकही रान नाही.

आजींना आमचा पाच किलोचा सिलेंडर बघून कीव आली. भाकरी गॅसवर होते हे त्यांना मान्यच नाही. चुलीवरची भाकरी आणि लसणाची चटणी आली, आमच्याकडनं चिखलीचा गूळ गेला. रात्रभर मेंढरांचा खोकला. खरंच, मेंढरं माणसासारखी खोकतात, मी दोनदा उठून नवऱ्याकडं बघितलं.

शुक्रवार

उजाडायच्या आत वाडा हलला. बायकांनी वाघर गुंडाळली, भांडी, पोरं, करडं, टोपलीखालच्या कोंबड्या, सगळं घोडीवर, आम्ही चहाला आधण ठेवेपर्यंत रान मोकळं. आम्हाला नुसता पलंग आवरून पडदे काढायला जास्त वेळ लागतो.

कुरुंदवाडवरनं खिद्रापूरला. कोपेश्वराच्या देवळात मी गडबड करत नाही. स्वर्गमंडपाला वर छप्पर नाही, गोल मोकळं आभाळ, खाली तेवढाच गोल दगड, भोवती कोरीव खांबांची वर्तुळं. बाहेरनं फिरलं की सगळं देऊळ हत्तींच्या पाठीवर उभं केलंय, आणि प्रत्येक हत्ती वेगळा. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं काम, पुढं देवगिरीच्या यादवांनी हात लावला, सिंघणदेवाचा शिलालेख आहे. गाभाऱ्यात दोन लिंगं, कोपेश्वर आणि धोपेश्वर, पण समोर नंदी नाही, तो सांगतात कृष्णेपलीकडं यडूरला. बहुतेक हत्तींच्या सोंडा फुटलेल्या आहेत, एकाच्या पायाजवळ मात्र साखळीच्या कड्या अजून मोजता येतात. नवरा तिथं बसून वहीत चित्र काढत होता, मी गाडीत एका क्लायंटला समजावत होते की घरचा गॅस धंद्याच्या खर्चात दाखवता येत नाही.

रात्री नरसोबाच्या वाडीत थांबू म्हणतोय, तिथं यात्रेकरूंच्या गाड्यांची सवय आहे, कुणी काही विचारत नाही, आणि बासुंदी आहे. नवऱ्याला तिथनं चिकोडी साइडला सरकायचंय. मी म्हणलं आधी मिरजेत लाँड्री शोध, गादीचे दोन्ही अभ्रे गुऱ्हाळाच्या धुरानं काळे झालेत आणि मेंढरांचा वास दोन्ही काचा उघड्या ठेवून सुद्धा जाईना.